नववीच्या वर्गात उत्स्फूर्त नाटक: ऐकण्यापासून गोष्टीपर्यंत

सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेतल्या मराठीच्या बाईंनी विचारलं आहे. नववीचा नाट्याचा तास यंदा त्यांच्याकडे आला आहे. आठवड्याला एक तास, ३५ मिनिटांचा, पटावर ६० मुलं. पाठ केलेले संवाद म्हणवून घेण्यापेक्षा मुलांनी उत्स्फूर्त अभिनय करावा, गटात बसून आपली आपण गोष्ट रचावी, अशी त्यांची इच्छा आहे. सुरुवातही केली. पण दर वेळी तीच चार-पाच मुलं पुढे येतात आणि बाकीची खिडकीपाशी सरकतात. विषय दिला की दोन मिनिटांत मारामारी, नाहीतर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाची नक्कल. वर मुख्याध्यापकांचा प्रश्न आहेच: स्नेहसंमेलनात यातलं काय दाखवणार?

बाई, वाट बरोबर आहे, सोडू नका. फक्त क्रम बदला. मुलांना बोलायला सांगण्याआधी ऐकायला लावा आणि संवादाच्या आधी हाताला काम द्या. गोष्ट त्यातून वर येते. मी वर्षानुवर्षं शाळाशाळांतून, बहुतेक आपल्याच शहरात, हेच करत आलो आहे. खाली लिहिलेलं सगळं बाकांच्या गर्दीत आणि घंटा व्हायच्या आत करता येतं.

आधी मारामारीचं बघू. पर्यावरण, व्यसनमुक्ती, मोबाइलचे दुष्परिणाम असले विषय आपण गटाला देतो, कारण कार्यक्रमपत्रिकेत ते शोभून दिसतात. पण विषयावर भाषण करता येतं, प्रवेश उभा करता येत नाही. पाच मुलं समोर येतात. आपण कुठे आहोत ते त्यांना ठाऊक नसतं, हाताला काम नसतं, समोर सगळा वर्ग बघत असतो. अशा वेळी कोणीतरी कोणाला तरी ढकलतं, कारण ढकलणं एवढी एकच ठोस कृती त्यांच्याजवळ उरलेली असते. टीव्हीची नक्कलही त्याच अडचणीतून येते. तिथे निदान पुढचं वाक्य तयार असतं. म्हणून या मुलांवर रागावून काही साधत नाही. त्यांना दुसरं काहीतरी ठोस द्यावं लागतं.

विषयाऐवजी तीन गोष्टी द्या: तुम्ही कोण, कुठे आहात आणि आत्ता काय करताय. ही मांडणी अमेरिकेतल्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांची. नेव्हा बॉइड यांच्याकडे त्या सामूहिक खेळांचं शास्त्र शिकल्या आणि १९३०-४०च्या सुमारास शिकागोत, देशोदेशींहून येऊन वसलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं. भाषेची आणि संस्कृतीची भिंत ओलांडता यावी म्हणून अभिनयाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी खेळ रचले. खेळात मुलाचं लक्ष स्वतःवरून उठून हातातल्या कामावर जातं आणि लाज आपोआप कमी होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बाकावर बसतात अशा आपल्या शहराला ही पद्धत लागू पडते याचं मला कधी नवल वाटलं नाही.

एक उदाहरण घ्या. चौघांना सांगा, तुम्ही एका वाड्यातली शेजारची बिऱ्हाडं आहात, पहाटेचे पाच वाजलेत, नळाला पाणी आलंय आणि ते तासाभरात जाणार आहे. पहिली तीन मिनिटं बोलायचं नाही, फक्त पाणी भरायचं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे या प्रवेशाची तयारी मुलांना घरीच झालेली असते. तरीही वर्गापुढे उभं राहिलं की हातातला हंडा हवेत तरंगायला लागतो. तिथे तुमचं काम सुरू होतं. प्रवेश न थांबवता बाजूने मोठ्याने सांगत राहायचं, ‘हंडा भरलाय! पायरी ओली आहे! धार बारीक झाली!’ भरलेला हंडा कमरेवर आला की दुसरा हात आपसूक बाहेर जातो, पाऊल जपून पडतं, मान एका बाजूला कलते. हे एकदा अंगात आलं की मग म्हणायचं, ‘आता बोला.’ पहिलं वाक्य काय येतं बघा. एका गटात आलं होतं, ‘तुझी मोटार बंद कर की बे, आमच्याकडं धारच येईना!’ एवढ्या एका वाक्यात शेजार आला, जुनं भांडण आलं, गरज आली. ढकलाढकली झालीच तर ती आता हंड्यासाठी होते, आणि तिला अर्थ असतो.

बाजूने बोलताना ‘रडून दाखव’, ‘घाबरल्यासारखं कर’ असं कधी म्हणू नका. भावना मागितली की मुलं चेहरे करतात. वस्तू, जागा, वेळ, आवाज यांचीच आठवण करून द्यायची.

आता ऐकण्याकडे येतो. मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कीथ जॉनस्टन हे मुळात लंडनच्या बॅटरसी भागातले शाळामास्तर. पुढे ते रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आणि नंतर कॅनडात कॅल्गरीला गेले. समोरच्याने जे मांडलं ते स्वीकारायचं, हे सूत्र त्यांनी लावून धरलं. शाळांत त्याचा अर्थ चुकीचा घेतला जातो. मुलांना वाटतं, प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणायचं. तसं नाही. पात्र नकार देऊ शकतं, भांडू शकतं. नटाने फक्त समोरच्याने उभी केलेली वस्तुस्थिती पुसायची नाही. एकजण म्हणतो, ‘ताई, मी शाळा सोडायलोय.’ यावर दुसरी म्हणाली, ‘शाळा कुठली, तू तर पोलीस आहेस!’ तर हशा येतो आणि प्रवेश तिथेच मरतो. ‘सोडून तर बघ, अण्णांना आत्ता फोन लावते,’ असं म्हणाली तर ते विरोधातलं बोलणं आहे, पण शाळा आहे, भाऊ आहे, आणि अण्णा नावाचं तिसरं माणूस येऊन उभं राहिलं आहे.

हे समजावून सांगण्यापेक्षा नियमात बसवलेलं बरं. जोड्या करा आणि सांगा, समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द आपल्या वाक्यात आलाच पाहिजे. दोन मिनिटांत वर्गाचा वेग निम्म्यावर येतो. तुमची ती चार-पाच धीट मुलं इथे अडखळतात, कारण समोरचा बोलत असताना ती आपलं पुढचं वाक्य जुळवत असतात. त्यांना गप्प बसवू नका. त्यांना अशी भूमिका द्या जिला अख्ख्या प्रवेशात तीनच वाक्यं आहेत आणि ती कधी टाकायची हे त्यांनी ठरवायचं. चांगला नट असेल त्याला हे आव्हान आवडतं.

बुजऱ्या मुलांना मी संवाद लवकर देतच नाही. त्यांच्यासाठी यंत्र. आठ मुलांचा गट घ्यायचा. एकाने एक हालचाल आणि एक आवाज सुरू करायचा आणि थांबायचं नाही. दुसऱ्याने त्याला जोडून आपली हालचाल लावायची, मग तिसऱ्याने, असं करत आठ जणांचा मिळून एक यंत्रमाग. टॉवेल-चादरीच्या या गावात तो कसा चालतो हे सांगावं लागत नाही. एक मुलगा धोटा होऊन इकडून तिकडे धावतो, दोघी ताण्याच्या धाग्यांसारख्या आळीपाळीने उठतात-बसतात, कोणी फणी होऊन ठोकतं, कोणी कापड गुंडाळणारा रूळ होतं. लय सापडेपर्यंत गोंधळ असतो. एकदा सापडली की वर्गात खटाखट घुमायला लागते, आणि कोण लाजाळू, कोण धीट, हे बघणाऱ्याला ओळखू येत नाही, कारण प्रत्येकजण शेजारच्याचा ठोका ऐकण्यात गुंतलेला असतो.

अशाच एका वर्गात माग रंगात आल्यावर मी बाजूने म्हटलं, ‘धागा तुटला!’ सात मुलं सिनेमातल्यासारखी जमिनीवर कोसळली. आठवा उभा राहिला. त्याने डाव्या हाताने दांडा ओढल्यासारखं केलं, पुढे वाकला, दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी धरलं, पीळ दिला, टोक तोडल्यासारखं केलं आणि दांडा परत लोटला. कोणाला काही कळेना. मी विचारलं, काय केलंस? ‘गाठ मारलो सर. माग बंद केल्याबगर गाठ बसत न्हाई.’

पुढचे काही तास आम्ही त्या गाठीवरच काढले. मी गोष्ट सुचवली नाही, फक्त प्रश्न विचारत गेलो. माग बंद असला की नुकसान कोणाचं? मजुरी नगावर, म्हणजे विणणाऱ्याचं. मालकाचं नाही का? त्याचंही, पण तो दुसऱ्या मागाकडे बघतो. धागा कधी जास्त तुटतो? रात्रपाळीला लक्ष नसलं तर? तिथे एका मुलीने विचारलं, ‘आणि झोप लागली तर?’ तिच्या या प्रश्नावर गोष्ट उभी राहिली. रात्री डबा घेऊन गेलेला मुलगा, माग चालू, बाप भिंतीला टेकून झोपलेला, धागा तुटून चादरीत एक लांब रेघ पडत चाललेली. बापाला उठवायचं, की आपणच माग बंद करायचा? चादर डागी निघाली तर ती कोणाच्या नावावर? शेवट काय करायचा यावर गटांत जोरात वाद झाला, आणि तीन गटांनी तीन वेगळे शेवट केले. तिन्ही खरे वाटत होते. व्यसनमुक्तीवर यांतल्या एकाही मुलाने इतका विचार केला नसता.

गटाने गोष्ट रचण्याच्या खेळांबद्दल एक सावधगिरी. इंग्रजी पुस्तकांतून आलेला एक खेळ सगळीकडे चालतो, प्रत्येकाने एकेक शब्द जोडत वाक्य करायचं. मराठीत तो नीट जमत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘म्हातारी’, ‘गाठोडं’, ‘घेऊन’ इथवर तिघांनी आणलं तरी काय घडलं ते चौथ्याच्या हातात जातं, आणि आधीचे तिघे नुसती सामग्री पुरवत राहतात. म्हणून प्रत्येकाला पूर्ण वाक्य द्या, तेही छोटं. आणि जोडणीचा शब्द ठरवून द्या. मुलांची सवय ‘आणि मग’ची असते. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत एक मुलगा हरवला, आणि मग त्याने भेळ खाल्ली, आणि मग तो पाळण्यात बसला, आणि मग पोलीस आले. हे कितीही लांबवता येतं आणि कुठेच जात नाही. आता ‘आणि मग’ बंद, फक्त ‘त्यामुळे’. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या गर्दीत नातवाचा हात सुटला. त्यामुळे आजी जागची हलेना, कारण तो इथेच परत येईल असं तिला वाटलं. त्यामुळे तिचा अक्षता सोहळा चुकला. त्यामुळे सून चिडली, कारण आजीने त्या दिवसासाठी काहीतरी नवस बोललेला होता. आता वर्गाला विचारा, काय नवस? कुठून कुठे आलो बघा.

दुसरा खेळ आपल्या गोंधळातून उचललेला. गोंधळात मुख्य गोंधळी कथा लावतो आणि त्याचा साथीदार मधेच शंका काढतो, वेडे वाटणारे प्रश्न विचारतो, कथेला वळण देतो. वर्गात एकाने गोष्ट सांगायची आणि जोडीदाराने फक्त प्रश्न विचारायचे, पण प्रश्न आत्ता ऐकलेल्या गोष्टीतूनच आले पाहिजेत. ‘दार उघडलं’ म्हटलं की ‘कडी होती का कुलूप?’ सांगणाऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. बोलायला घाबरणारी कितीतरी मुलं प्रश्न विचारणाऱ्याच्या जागेवर खुलतात. तमाशातल्या वगातही पूर्वी असंच होतं. कथानक ठरलेलं असे आणि संवाद नट बोर्डावर उभे राहून रचत. दादू इंदुरीकरांसारख्या सोंगाड्याची ख्याती त्या हजरजबाबीपणावरच होती. मुलांना हे जरूर सांगा, म्हणजे इम्प्रोव्हायझेशन हे बाहेरून आलेलं फॅड आहे असं त्यांना वाटणार नाही.

भाषेबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. बाई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, त्यामुळे ‘शुद्ध बोल’ हे तोंडात येणारच. पण या तासाला ते बाजूला ठेवा. ज्या मुलाच्या घरी तेलुगू चालते त्याला उत्स्फूर्त बोलायला सांगितलं की तो आधी मनात भाषांतर करतो, मग व्याकरण तपासतो, तोवर प्रवेश पुढे गेलेला असतो. त्याला घरच्या भाषेत बोलू द्या. मी एक प्रवेश नेहमी देतो. मुलगा गल्लीत खेळतोय आणि त्याला तीन दारांतून हाक येते, एक आजी म्हणते ‘इटु रा’, दुसरी म्हणते ‘इल्ली बा’, तिसरी ‘इधर आ रे’. तिघींनाही तो वेगवेगळ्या कामासाठी हवाय. बघणाऱ्याला प्रत्येक शब्द कळत नाही, तरी कोण चिडलंय, कोण लाडाने बोलावतंय हे कळतं, कारण काम आणि अंतर दिसत असतं. एरवी मागे बसणारी मुलं या प्रवेशात वर्गाची दुभाषी होतात. पाठ्यपुस्तकी मराठी लेखनाच्या तासाला शिकवा. ती तिथे लागतेच.

सोलापुरी ढंगाचंही तेच. ‘काय करायलास बे’ यात बोलणारा हलका ठरत नाही. नाटकात गावंढळ नोकराला ही बोली आणि साहेबाला पुस्तकी मराठी, अशी वाटणी मुलं स्वतःहून करतात. ती उलटी करून बघा. डॉक्टर, कलेक्टर, न्यायाधीश आपल्या बोलीत बोलू देत.

मुलं घरातलं घेऊन येतात तेव्हा जबाबदारी येते. आपल्या शहरात कितीतरी आया घरी बिड्या वळतात. मुलीच्या हाताला पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं इतकं सवयीचं असतं की मूकाभिनयात ती न बघता करते, आणि वर्ग थक्क होतो. ते कौशल्य म्हणून दाखवलं जावं, गरिबी म्हणून नाही. म्हणून माझा नियम आहे, कोणी कोणाला ‘हे तुझ्या घरचं आहे का’ असं विचारायचं नाही, मीही विचारत नाही. सगळं पात्राचं. आणि गोष्ट ज्याने आणली त्याने ते पात्र करायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं. जातीवरून, अपंगत्वावरून, कोणाच्या चालण्या-बोलण्यावरून नक्कल झाली तर प्रवेश लगेच थांबवायचा. ‘थांबा’ हा शब्द कोणीही, प्रेक्षकांतल्या मुलानेही उच्चारला की सगळे थांबतात, कारण विचारत नाही. भांडण असेल तर ते संथ गतीत आणि अंगाला हात न लावता. हे नियम पहिल्याच तासाला सांगून टाका.

कधी कधी मूल पात्राच्या आडून खरं सांगून जातं. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर ते वर्गात उकरू नका, त्याची चर्चा करू नका आणि स्वतःजवळ ठेवूही नका. २०१२च्या पॉक्सो कायद्याने त्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. ज्याला नाट्याचा तास मिळतो त्याला हे ठाऊक असलंच पाहिजे.

६० मुलांचं गणित साधं आहे. सहाचे दहा गट करा, पण एका तासाला पाचच गट काम करतील. उरलेले पाच बघतील, आणि बघायलाही काम असेल, एकाने फक्त जागा कुठे बदलली ते बघायचं, एकाने कोणी कोणाचं ऐकलं नाही ते टिपायचं. बाक दोन भिंतींना लावायला दोन मिनिटं, पाच मिनिटं ऐकण्याचा खेळ, वीस मिनिटं काम, बाकीची बोलायला. उन्हाळ्यात पटांगणाचा विचार सकाळच्या पहिल्या तासाखेरीज करू नका. गुण द्यावे लागत असतील तर अभिनयाला देऊ नका. मुलाने दुसऱ्याने आणलेलं काही उचलून पुढे नेलं का, याची एका वहीत नोंद ठेवा.

आता स्नेहसंमेलन. उत्स्फूर्त काम जसंच्या तसं रंगमंचावर नेलं तर पंधरा मिनिटांचा प्रवेश पस्तीस मिनिटं चालतो आणि मागच्या रांगेत ऐकूही येत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर एक गोष्ट निवडा, सगळ्यांत हसवणारी नव्हे, जिच्यावर वर्गात सर्वांत जास्त वाद झाला ती. प्रत्येक गटातून एकजण लेखनिक. तो संवाद लिहून घेत नाही, घटना लिहितो: मुलगा डबा घेऊन येतो, बाप झोपलेला दिसतो, धागा तुटलेला दिसतो, दांड्याकडे हात जातो. अशा दहा-बारा घटना झाल्या की कथानक झालं. मग तोच प्रवेश वेगवेगळ्या मुलांनी करायचा. जे वाक्य दोन-तीन गटांकडून आपोआप पुन्हा येतं ते ठेवायचं, बाकी मोकळं. पक्कं करायचं ते एवढंच: प्रत्येकाची एंट्री, कोण कुठे उभं राहणार, आणि प्रवेशाचं शेवटचं वाक्य, कारण त्यावर दिवे जाणार असतात. ज्यांना बोलायचं नाही त्यांचा यंत्रमाग पाठीमागे नेपथ्य म्हणून उभा करा. त्याच्या ठोक्यावर संगीताचं काम भागतं, आणि माग थांबतो तेव्हा प्रेक्षकांना काय झालं ते सांगावं लागत नाही.

वाद ज्यावर झाला तो निर्णय प्रेक्षकांपुढेही ठेवता येतो. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी प्रेक्षकांतल्या माणसाला रंगमंचावर बोलावून पात्राच्या जागी उभं केलं आणि ‘तू असतास तर काय केलं असतंस’ ते करून दाखवायला लावलं. स्नेहसंमेलनाच्या गर्दीत हे सांभाळणं अवघड जातं, पण पालकसभेत, चाळीस-पन्नास माणसांपुढे, उत्तम होतं. एखादे वडील उठून बापाच्या जागी बसतात आणि मुलाशी बोलायला लागतात, तेव्हा मुलांना आपल्या गोष्टीचं वजन कळतं.

मुख्याध्यापकांना ‘अजून ठरलेलं नाही’ असं सांगू नका, त्यांना काळजी वाटणं रास्त आहे. त्यांच्या हातात घटनांचं ते एक पान द्या, कोण कोण आहे आणि किती मिनिटं लागणार ते लिहून, आणि संमेलनाच्या दोन आठवडे आधी तालमीला बोलवा. पुढे हेच नाटक राज्य बालनाट्य स्पर्धेला न्यावंसं वाटलं तर संहिता लिहून आधी द्यावी लागते. तेव्हा शेवटच्या दोन-तीन तालमी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यातून मुलांचीच वाक्यं उतरवून संहिता करा. उतरवताना ‘गाठ मारलो’चं ‘गाठ मारली’ करू नका, आणि लेखक म्हणून वर्गाचं नाव टाका.